ओढते डावीकडे, मग उजवं चाक का खोलता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर आठवड्याला कुणी ना कुणी अमळनेरच्या माझ्या गॅरेजमध्ये उभं राहून हेच विचारतं. "दादा, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते असं सांगितलं ना मी? तुम्ही उजवं चाक काय खोलताय?" ऐकलंय मी नीट. म्हणूनच उजवं खोलतोय. काही जण म्हणतात, अलाइनमेंट करून टाका, अर्ध्या तासाचं काम, कशाला दिवस मोडता. आणि एकाने माझ्या मुलासमोर सांगितलं, की चांगलं चाक उघडून बिल वाढवायची ही रीत आहे. त्या दिवशी मी गप्प बसलो. उजवं चाक उघडायचे मी वेगळे पैसे कधीच घेतलेले नाहीत, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

आधी अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन सरळ लावण्याचं, मिटवू. अलाइनमेंट बिघडलं असेल तर बहुतेक वेळा गाडी ब्रेकला पाय न लावताही एका कडेला जाते, टायर आतून किंवा बाहेरून एकाच बाजूने खातो. तुमची गाडी तशी जात नाही. पाय पडला की ओढते, पाय उचलला की सरळ. मशीनवर गाडी उभी असते. धावत्या गाडीला ब्रेक लागल्यावर कुठलं चाक किती थांबतं, ते त्या मशीनला दिसत नाही.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. डावा बैल मागे राहिला की गाडी डावीकडे वळते. ब्रेकचंही तेच आहे. गाडी डावीकडे ओढते याचा अर्थ डावं चाक मागे खेचतंय, म्हणजे डावा ब्रेक लागतोय. उजवं चाक थांबायचं सोडून पुढे पळतंय. आजारी कोण, हे आता तुम्हीच सांगा.

हा कायदा नाही, हेही कबूल करतो. डावा कॅलिपर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग, जॅम होऊन पॅड डिस्कला घासतच राहिला, तर दोष डावीकडेच असतो. पण मग गाडी ब्रेक न मारताही थोडी तिकडे जाते आणि ते चाक तापतं. लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा, रबरी बुश फाटला असेल, तर ब्रेक पुरेपूर सारखे असूनही पाय पडल्याबरोबर आर्म मागे सरकतो, चाकाची दिशा बदलते आणि स्टेअरिंग झटका देतं. आणि कधी कधी सगळा दोष एका टायरमध्ये हवा कमी असण्याचा निघतो. म्हणून मी आधी हवा बघतो. गिऱ्हाईक हसलं तरी बघतो.

हे सगळं मला 2017 च्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. तेच तर दुखतं.

आखाजीच्या आधीचे दिवस म्हणजे गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही. लेकींना माहेरी आणायला जो तो गाडी काढतो. जिभाऊ आमच्या गल्लीतले, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांची जुनी डिझेल गाडी. संध्याकाळी आले, चोपड्याला जायचं होतं, लेकीला आणि नातवाला आणायला. म्हणाले, "ब्रेक दाबा की डावाकडे वढस, सोडा की जराशी उजवाकडे जास."

हे वाक्य पुन्हा वाचा. दाबला की डावीकडे, सोडला की उजवीकडे. अख्खा आजार त्या माणसाने अहिराणीत एका दमात सांगून टाकला होता. मी निम्मंच ऐकलं. डावीकडे म्हणाले, डावं चाक खोललं.

डाव्या चाकात खास काही नव्हतं. पॅड शिल्लक होते, वरून जरा काचेसारखे गुळगुळीत झालेले. पोलिश पेपरने घासले. कॅलिपरच्या पिना सुकल्या होत्या. आमच्याकडे काळ्या मातीची धूळ पिनांच्या रबरात शिरते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. पिना साफ केल्या, ग्रीस लावलं. गॅरेजपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक चक्कर मारली. चाळीसच्या स्पीडला ब्रेक मारला, थोडी ओढली असं वाटलं. रस्त्याला उतार आहे म्हणून ओढली असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि चावी त्यांच्या हातात दिली.

आज कळतं मी काय केलं ते. जे चाक ठीक थांबत होतं, त्याला आणखी चांगलं थांबायला लावलं. जे थांबत नव्हतं, त्याला हातही लावला नाही. डाव्या-उजव्यातला फरक मी कमी केला नाही, वाढवून दिला.

दुसऱ्या दिवशी परतताना, तापी ओलांडून अलीकडे आल्यावर, रस्त्यात म्हैस आली. जिभाऊंनी जोरात ब्रेक मारला. गाडी डावीकडे फिरली, कडेच्या खडीवर गेली आणि बाभळीला धडकली. नातवाला खरचटलंही नाही. जिभाऊंचा गुडघा सुजला. लेकीने पोराला धरायला हात पुढे केला होता, तिचं उजवं मनगट मोडलं.

आखाजीला त्यांच्या दारच्या निंबाला झोका बांधला होता. गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. झोक्याचा दोर एका हाताने धरता येत नाही. घरात खापरावरच्या पोळ्या झाल्या होत्या, आंब्याचा रस होता. मला ताट वाढलं. मी जेवलो, कारण न जेवता उठलो असतो तर त्यांना जास्त लागलं असतं.

गाडी माझ्याच आवारात ओढून आणली होती. पुढचा डावा भाग चेपलेला, उजवा शाबूत. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये ब्रेकच्या दोन लाइनी तिरप्या असतात. पुढचं उजवं आणि मागचं डावं एका लाइनवर, उरलेली दोन दुसऱ्या लाइनवर. म्हणून पुढचा डावा पाइप तुटला होता तरी उजव्या चाकाला अजून थोडा ब्रेक लागत होता. रात्री सगळे गेल्यावर मी उजवं चाक जॅकवर उचललं. हाताने फिरवलं, मोकळं फिरलं. हेल्परला पेडल दाबायला सांगितलं, मग सोडायला सांगितलं. आता चाक फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तरी फिरेना. काही वेळाने आपोआप जरा सैल झालं. पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा तेच. मग ऑइलच्या पाइपाचा चासीकडचा जोड जरा सैल केला, तरी चाक अडकलेलंच. शेवटी कॅलिपरच्या निपलला, म्हणजे ऑइल सोडायच्या बोल्टला, पाना लावून अर्धा आटा फिरवला. काळ्या चहाच्या रंगाचं ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक सुटलं.

वरून मोकळं करून सुटत नाही आणि खालून सोडलं की सुटतं, म्हणजे दोष मधल्या रबरी होसमध्ये, नळीत. तो काढला. बाहेरून एक चीर नाही, हाताला नव्यासारखा. ब्लेडने उभा कापला. आतलं रबर सुटून फुगलं होतं, मधे सुई जाईल एवढंच भोक उरलेलं. पेडल दाबलं की ऑइल त्या भोकातून उशिरा पोचायचं, म्हणून उजवा ब्रेक उशिरा आणि कमी लागायचा, गाडी डावीकडे. पेडल सोडलं की ऑइल उशिरा परतायचं, उजवा ब्रेक धरून राहायचा, गाडी उजवीकडे. जिभाऊंनी शब्द न् शब्द हेच सांगितलं होतं.

त्या रात्री केलेली तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली नाही. पहिल्यांदा गिऱ्हाइकाला बोलू देतो. मधे तोडत नाही. ब्रेक दाबल्यावर काय होतं हे तो सांगतोच, सोडल्यावर काय होतं हे मी मुद्दाम विचारतो. हवा बघतो. मग गाडी मोकळ्या रस्त्यावर नेतो आणि परत आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांचं तापमान ते मोजायच्या गनने बघतो. मे महिन्यात आमच्याकडे उन्हात उभ्या गाडीचं चाकही हाताला भाजतं, त्यामुळे एका चाकावरून काही कळत नाही. दोन्ही सावलीत घेऊन शेजारी-शेजारी मोजायची. एक दुसऱ्यापेक्षा फारच गरम असेल तर ते अडकतंय, फारच गार असेल तर ते कामच करत नाही. मग दोन्ही बाजूंचे पॅड काढून जोडीने ठेवतो. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलाय का, एकीकडे तिरपा खाल्लाय का, कुठे ऑइल किंवा ग्रीसचा डाग आहे का. मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असेल तर त्यातला व्हील सिलिंडर गळून लायनर, म्हणजे पॅडच्या जागी असलेले घासणारे पट्टे, ओले झालेत का तेही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्या पाण्याने कॅलिपरचा पिस्टन आतून गंजतो. दर दोन वर्षांनी बदला म्हणतो ते त्यासाठी. पॅड बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, एका बाजूचे कधीच नाही. ह्यात वेळ जातो. जाऊ द्या.

तेव्हाचा मी अजून माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो, दारात नऊ गाड्या उभ्या होत्या, प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी लेक आणायची होती, तू कोणाकोणाची चारही चाकं खोलणार होतास? आणि म्हैस आडवी आली, कडेला खडी होती, तिथे कुठलीही गाडी घसरली असती. हे मला खोडून काढता येत नाही. होस चांगला असता तर गाडी सरळ थांबली असती की सरळ म्हशीवर गेली असती, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्याला एवढंच विचारतो, की ट्रायलला थोडी ओढली तेव्हा तू उताराचं नाव का घेतलंस? त्याच्याकडे उत्तर नसतं. माझ्याकडेही नाही.

अजून एक गोष्ट आहे, तिचा निकाल मला लागत नाही. एक होस गेला म्हणजे दुसराही त्याच वयाचा असतो. दोन्ही बदला म्हटलं की लोक बिल वाढवतो म्हणतात. काहींकडे खरंच पैसे नसतात, भाव पडलेल्या वर्षी तर नसतातच. अशा माणसाला एक होस बदलून गाडी द्यायची की चावी धरून ठेवायची? मी दोन्ही केलंय. एकदाही रात्री शांत झोप लागली नाही.

जिभाऊंना मी तो कापलेला होस दाखवला. त्यांनी भोकाला डोळा लावून पाहिलं आणि परत दिला. "तुनी काय चूक, म्हैस मझार उनी." तुझी काय चूक, म्हैस मधे आली, एवढंच. मी उजवं चाक खोललंच नव्हतं आणि ट्रायलला गाडी ओढली होती, हे तेव्हा बोललो नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय. ते वाचतील, कोणीतरी वाचून दाखवेल.

आखाजीच्या आधी ते आजही गाडी घेऊन येतात, ओट्यावर बसतात, मी दोन्ही चाकं खोलतो तेव्हा काही विचारत नाहीत. लेक मात्र आता चोपड्याहून एसटीने येते. मी तिला का ते विचारलेलं नाही.