गोळी लागलेला निकॉन आणि लाइट मीटर

कॅमेरावाल्यांच्या गप्पांत डॉन मॅककलिनचं नाव निघालं की पाठोपाठ तो गोळी लागलेला निकॉन येतोच. 1970, कंबोडिया, एके-47 ची गोळी निकॉन एफवर बसली आणि हा ब्रिटिश युद्ध-फोटोग्राफर वाचला. मग पुढचा तासभर जुन्या निकॉनची बॉडी कसली दणकट होती यावर चर्चा. अरे पण बुलेटप्रूफ म्हणून थोडाच घेतला होता त्याने तो!

मला त्याचा पहिला कॅमेरा जास्त आवडतो. एअर फोर्सच्या सक्तीच्या नोकरीत असताना 30 पौंडांना घेतलेला रोलायकॉर्ड. लंडनला परत आल्यावर पैशांची चणचण, पठ्ठ्याने 5 पौंडांत गहाण टाकला, आणि आईने जाऊन सोडवून आणला. लंडनमधल्या फिन्सबरी पार्कची गरीब वस्ती, वडील लवकर गेलेले, त्या माऊलीने पैसे कुठून काढले देव जाणे. त्याच रोलायकॉर्डने 1958 मध्ये वस्तीतल्या टोळीच्या पोरांचा पडक्या घरातला फोटो निघाला, पुढच्या वर्षी ऑब्झर्व्हर या वर्तमानपत्राने छापला आणि गाडी रुळावर आली.

पण रोलायकॉर्ड छातीशी धरायचा, मान खाली घालून काचेत बघायचं, त्यात चित्र डावं-उजवं उलटं, आणि 12 फोटोंत रोल खल्लास. टोळीतली पोरं पोज देऊन उभी राहतात, लढाईत कोण थांबतंय? निकॉन एफला डोळा लावला की लेन्सला दिसतं तेच आपल्याला दिसतं, 36 फ्रेम मिळतात आणि शटर पूर्ण मेकॅनिकल, म्हणजे व्हिएतनामच्या चिखलात बॅटरीचं लफडं नको.

आता गंमत बघा, एवढा झटपट कॅमेरा हातात असून हा माणूस चालू लढाईत लाइट मीटर काढून उजेड मोजायचा! जीव धोक्यात घालून इथवर यायचं आणि एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, चुकवायचं, हे त्याला पटायचंच नाही. आपण भर उन्हात, बाल्कनीत, कुंडीतल्या जास्वंदीचा फोटोसुद्धा ऑटोवर काढतो.

आणि त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो कुठला, तर 1968 चा, व्हिएतनाममधल्या ह्युए शहरातला तो अमेरिकन मरीन सैनिक. दोन्ही हातांनी रायफलची नळी घट्ट धरलेली, डोळे उघडे पण बघतोय कुठे ते कळत नाही. मॅककलिनने लागोपाठ फ्रेम काढल्या, सगळ्या सारख्याच, पापणीसुद्धा हलली नाही. हा फोटो रोलायकॉर्डनेही आला असता की!

लढाया सुटल्यावर गडी इंग्लंडातल्या सॉमरसेटमध्ये शेतं, ओढे, ढग टिपत बसला. मध्ये 2012 ला कॅननचा डिजिटलही हाताळून पाहिला, पण मन रमलं ते फिल्ममध्ये आणि डार्करूममध्येच. प्रिंट स्वतःच्या हाताने, त्याही इतक्या गडद की साध्या पावसाळी आभाळाखाली आता तोफ डागतील असं वाटावं. मला विचाराल तर तिथे जरा एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड चालला असता.