23 पुस्तकं वाचली, मग ब्लाऊजचा हिशोब मांडला – माझा अनुभव

साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं छोटं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. 2022 च्या दिवाळीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीनवर बसून होते आणि भाऊबीज झाल्यावर गल्ला मोजला तर भाडं, लाईटबिल, मदतीच्या मुलीचा पगार जाऊन हातात साडेतीन हजार राहिले. एवढं राबून पैसे गेले कुठं तेच कळेना, रडू आलं खरंच. तेव्हा माझ्या भाच्याने सवयींवरचं एक पुस्तक मराठीत आणून दिलं, म्हणाला मावशी हे वाच, आणि तिथून मला जो नाद लागला तो लागलाच.

पुढच्या चौदा महिन्यांत मी 23 पुस्तकं वाचली. काही वाचनालयातून आणली, काही ऑनलाईन मागवली, काही किलोवर पुस्तकं मिळतात त्या सेलमधून. वेळेचं नियोजन, धंदा कसा वाढवायचा, श्रीमंत लोक काय वेगळं करतात, शेअर बाजार, सगळं. वाचताना अंगात वेगळंच बळ यायचं, उद्यापासून सगळं बदलणार असं वाटायचं. एका पुस्तकात पहाटे पाचला उठा लिहिलेलं, ते सुरू केलं. पण लग्नसराईत मी झोपायचेच एक वाजता, मग चौथ्या दिवशी एका नवरीच्या पैठणीच्या ब्लाऊजला मागचा गळा पुढच्या भागावर कापला गेला. तसलंच कापड शोधून आणायला माझे अठराशे गेले, आणि त्या पोरीच्या आईचा चेहरा अजून आठवतो. त्या पुस्तकाचं चुकलं नव्हतं, पण ते जेवढी झोप धरून चाललं होतं तेवढी माझ्याकडे नव्हती.

मग मी एक ठरवलं आणि यानेच फरक पडला म्हणून हे लिहितेय. पुस्तकातली एक तरी गोष्ट दुकानाच्या वहीत उतरल्याशिवाय पुढचं पुस्तक उघडायचं नाही. वाचनालयाचं असलं तर परत करायचं, पण नवीन आणायचं नाही.

पहिली गोष्ट घेतली ती वेळ कुठं जातो ते लिहायची. आठ दिवस मशीनशेजारी वही ठेवली, उठले की रेघ मारायची. आठ दिवसांत 112 वेळा उठले होते, त्यातले निम्म्याहून जास्त फोन एकाच प्रश्नाचे, ताई झाला का ब्लाऊज. मग चिठ्ठीवर तारीख लिहून द्यायला लागले, तीही मला वाटते त्याच्यापुढे दोन दिवस धरून, आणि झाला की व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा. महिन्याभरात फोन कमी झाले.

याच्यातच दोन मिनिटांच्या नियमाचं शिकले. जे काम दोन मिनिटांत होतं ते लगेच करून टाका, हे मी एका व्हिडिओत ऐकलेलं आणि तसं करायला गेले तर मशीनवरून सारखी उठायचे, हूक लावून दे, पिकोची साडी शोधून दे, एक टीप धड सलग जाईना. नंतर डेव्हिड ॲलन यांचं 2001 सालचं मूळ पुस्तक नीट वाचलं तर कळलं की हा नियम साचलेली कामं निवडायला बसता तेव्हाचा आहे, हातातलं काम सोडून करायचा नाहीच. आता सकाळी दुकान उघडलं की पहिला अर्धा तास मी पिशव्या उघडून बसते, हूक, बटण, फॉल सुटलेला, असलं दोन मिनिटांचं सगळं तेव्हाच उरकते आणि मग मशीनवर बसते ती जेवायलाच उठते. व्हिडिओवर विसंबून राहू नका, पुस्तक उघडून बघा, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

सगळ्यात मोठा धडा मात्र हिशोबाचा. धंद्याच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतं की तुमच्या मालाला खरा खर्च किती येतो ते काढा, आणि मी ते पान दरवेळी होय होय करत पलटायचे कारण मला वाटायचं मला माहितीये. एका रविवारी बसून काढलंच. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई 450 घेत होते. अस्तर 70, हूक दोरा 15, हातशिलाईचे मुलीला 60, भाडं आणि लाईट मिळून महिन्याला 6,400 म्हणजे शंभर ब्लाऊजवर वाटले तर 64. झाले 209. उरले 241 आणि मला वेळ लागतो अडीच तास, म्हणजे तासाला 96 रुपये. आता अल्टर बघा. जुना ब्लाऊज उसवून फिटिंग करायला पाऊण तास जातो, घेत होते 40, म्हणजे तासाला 53, आणि त्यातही राहू दे गं पुढच्या वेळी देते म्हणणाऱ्या निम्म्या. दिवाळीत माझी रात्र रात्र यातच गेली होती. वहीत ते दोन आकडे शेजारी शेजारी बघितले तेव्हा अंगावर काटा आला. अल्टर 80 केलं, फक्त मंगळवारी घेते, पैसे आधी. दोन-तीन बायका तुटल्या, वाईट वाटलं, पण बाकीच्या राहिल्या.

पैशाच्या पुस्तकांचं वेगळं आहे. त्यातली बरीच अमेरिकेतली, तिथल्या पेन्शनचं खातं, तिथलं घरकर्ज, ते आपल्याला लागू नाही, ती पानं मी सरळ सोडते. पण 1926 साली आलेलं बाबिलोनच्या गोष्टींचं पुस्तक आहे त्यातलं एक वाक्य लागू पडतं, कमाईतला दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला. मी दुकानाचं खातं वेगळं काढलं, दर सोमवारी गल्ल्यातला दहावा हिस्सा दुसऱ्या खात्यात, आणि आधी तीन महिन्यांचा घरखर्च साठवला. भिशी मात्र सोडली नाही. पुस्तकांत भिशीचं कुठं काही नसतं, पण आम्ही दहाजणी एकाच आळीतल्या, महिन्याला दोन हजार, माझा नंबर लागला तेव्हा त्या वीस हजारांतून जुनी इंटरलॉक मशीन घेतली.

आणि ओळखीतल्या एजंटने गळ्यात मारलेली एक पॉलिसी होती, वर्षाला 24,000, वीस वर्षं, शेवटी अंदाजे आठ लाख. आठ लाख ऐकून मी खूश होते. मुलाने कॉम्प्युटरवर काढून दाखवलं, पाच टक्केही पडत नाहीत. तेव्हा पीपीएफला, म्हणजे सरकारी बचत खात्याला, 7.1 टक्के होते. 72 ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं ते निघतं, हे मी पुस्तकातच शिकलेले, म्हणजे पीपीएफला दहा वर्षं आणि या पॉलिसीच्या दराने पंधरा. सहा हप्ते भरून झाले होते म्हणून ती पेडअप केली, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून भरलेल्यापुरतीच ठेवली, आणि ह्यांचा साधा टर्म विमा काढला, त्यात फक्त विमा असतो, परतावा नाही. एजंट अजून समोरून बोलत नाही. मला त्याचा राग आहे, कारण मी त्याला स्पष्ट विचारलं होतं की विमा किती आणि परतावा किती, आणि त्याने फक्त आठ लाख सांगितले.

या वर्षात मी चारच पुस्तकं वाचली, त्यातलं एक दोनदा. गेल्या दिवाळीत अकरा वाजता दुकान बंद करत होते आणि भाऊबीजेनंतर हातात एकोणीस हजार होते. सध्या भाव कसे ठरवायचे ते प्रकरण परत वाचतेय, कारण अस्तराचा दर वाढलाय आणि गणपतीच्या ऑर्डरी यायच्या आत 450 चे किती करायचे ते वहीत मांडायचंय.