सीओपीडीची केस स्टडी करताना

आम्हा नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मेडिसिन वॉर्डाच्या पोस्टिंगमध्ये श्वसनाची एक केस स्टडी करावीच लागते. हिस्टरी, तपासणी, नर्सिंग डायग्नोसिस, केअर प्लॅन आणि शेवटी मॅडमसमोर प्रेझेंटेशन. सिनिअर्सच्या फायली हॉस्टेलवर फिरत असतात, त्यामुळे काही केस स्टडी वाचताना एकच पेशंट वर्षानुवर्षं ॲडमिट आहे असं वाटतं. माझ्या वाट्याला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एक मावशी आल्या. साठी उलटलेली, जुना सीओपीडी (श्वासाच्या वाटा अरुंद करणारा फुप्फुसांचा कायमचा आजार), त्यात छातीत इन्फेक्शन.

बेडशी गेले तेव्हा त्या पाय खाली सोडून, गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाय... मातशें... उदक दी." (बाई, थोडं पाणी दे.) एवढ्याशा बोलण्यात दोनदा थांबल्या. स्टेथोस्कोप गळ्यातच होता आणि निम्मी तपासणी झालेली होती. बसण्याची ढब, तुटणारं वाक्य, दर श्वासाला मानेचे ताठ होणारे स्नायू, फासळ्यांच्या मध्ये आत ओढली जाणारी कातडी. ओठ निळे नव्हते, पण तेवढ्यावर निर्धास्त व्हायचं नसतं. निळेपणा उशिरा येतो. त्याच्या आधी माणूस बेचैन होतो, चिडतो, भलतंच बोलायला लागतो आणि घरच्यांना वाटतं, रात्रभर झोप नाही म्हणून असेल.

श्वास मोजणं हे आमच्या कामातलं सगळ्यात सोपं आणि म्हणूनच सगळ्यात टाळलं जाणारं काम. कुठलाही टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उघडा, अख्ख्या वॉर्डाचे श्वास २० असतात! खरं तर पेशंटला न सांगता मोजायचे. मी नाडी बघायला मनगट धरलं, नाडी झाल्यावरही ते तसंच धरून ठेवलं आणि नजर छातीवर नेली. 'श्वास मोजतेय' म्हटलं की श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंदांचे चौपट नाही. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात, मावशींचे २८ भरले. शिवाय आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला कितीतरी जास्त वेळ लागत होता. ऑक्सिमीटर मी नंतर लावला, तोही बोटं चोळून गरम केल्यावर, कारण गार बोटावर तो खुशाल काहीही आकडा दाखवतो. नखाला गडद नेलपॉलिश असलं तरी तेच. पाठ ऐकली वरून खाली, डावी-उजवी बाजू ताडून बघत. दोन्हीकडे श्वास सोडताना व्हीझ (शिट्टीसारखा आवाज), उजवीकडे तळाशी क्रॅकल्स (बारीक तडतड).

केसपेपरवर 'विडी, तंबाखू नाही' एवढंच होतं. मी स्वयंपाकाचं विचारलं. लहानपणापासून चूल. घरात गॅस आला तरी न्हाणीतलं पाणी अजून लाकडावरच तापतं. आणि काजूच्या दिवसांत हुर्राकाच्या (काजूच्या रसाच्या दारूच्या) भट्टीसमोर बसून जाळ सारायचं काम कितीतरी वर्षं यांच्याकडेच होतं. विडी न ओढता सीओपीडी कसा, याचं उत्तर तिथे होतं. आमच्या छापील फॉर्मात धुराला रकानाच नाही, म्हणून मी समासात लिहिलं.

डायग्नोसिसच्या क्रमावरून मॅडमनी बरंच ताणलं. मी 'इम्पेअर्ड गॅस एक्स्चेंज' (वायूंची देवाणघेवाण बिघडणं) पहिलं घातलं होतं, त्यांना 'इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स' (श्वासाची वाट मोकळी न होणं) वर हवं होतं. वाटच कफाने अडली असेल तर पुढे वायूंची देवाणघेवाण होणार कशी, हे त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी क्रम बदलला.

खरी कसोटी ऑक्सिजनची. डॉक्टरांची ऑर्डर होती नेझल कॅन्युलाने (नाकाशी लावायच्या नळीने) मिनिटाला २ लिटर, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८८ ते ९२ टक्के ठेवायचं. दुपारी मुलगा आला, मशीनवर ९० बघून घाबरला आणि फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करायचं यंत्र) फिरवून ५ वर नेला. मी तो परत खाली आणला (त्याच्या नळीत तरंगणाऱ्या गोळीचा मध्य रेषेवर यावा लागतो, वरची कड नाही) आणि त्याला बाजूला घेऊन समजावलं. आईच्या फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही. अशा पेशंटला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड रक्तात आणखी साचतो, डोकं दुखतं, गुंगी येते, श्वास मंदावू शकतो. तुम्हा-आम्हाला ९८ चांगले, आईला ९० चांगले. त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण नॉबला परत हात लावला नाही.

पर्स्ड लिप ब्रीदिंग (ओठ आवळून सावकाश श्वास सोडणं) शिकवताना मात्र मजा आली. "नाकान दोन आंकडे भितर, ओंठ आकुंचीत करून चार आंकडे भायर" (नाकाने दोन आकडे आत, ओठ आवळून चार आकडे बाहेर) हे माझं पुस्तकी कोंकणी ऐकून मावशी नुसत्या बघत राहिल्या. मग म्हटलं, "चुलींत फूंक मारता न्हय, तशें. पूण सवकास." (चुलीत फुंकर मारता ना, तसं. पण सावकाश.) लगेच जमलं. त्यानंतर कार्डियाक टेबलावर (पलंगावरून पुढे घ्यायच्या टेबलावर) उशी ठेवून पुढे टेकून बसायचं आणि धाप लागली की हेच करायचं, असं ठरलं. कफ पातळ राहावा म्हणून कोमट पाणी, जेवण थोडं थोडं, जेवणाआधी तोंड धुणं. हे सगळं केअर प्लॅनमध्ये चार ओळींत मावतं, करायला सकाळ जाते.

डिस्चार्जच्या वेळी चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर होती आणि मावशींना माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायच्या आत घरी पोचायचं होतं. घरी ऑक्सिजनची गरज नव्हती, इनहेलर होता. सुनेकडून तो स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून माझ्यासमोर करवून घेतला: हलवणं, एक दाब, सावकाश श्वास, शक्य तेवढं रोखून धरणं, त्यात स्टिरॉइड असल्याने शेवटी चूळ भरणं. न्हाणीची चूल मावशींनी पेटवायची नाही, हे सुनेने आपणहून कबूल केलं. मुलगा विचारत होता, कितीच्या खाली गेलं की आणायचं? मी इनहेलरच्या खोक्यावर आकड्याच्या आधी लक्षणं लिहिली: वाक्य पुरं होत नाही, कफ वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, पायांना सूज, दिवसा गुंगी. मग ८८, आणि खाली ॲम्ब्युलन्सचा १०८.