तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे माणसं का टिकत नाहीत

"५ जूनला, पर्यावरण दिनी, झाडं लावायला टेकडीवर शंभर माणसं, एप्रिलमध्ये पाणी घालायला चार. असं का?" दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

माझं उत्तर ठरलेलं असायचं: लोकांना खड्ड्याशेजारी फोटो हवा असतो, पाणी घालायला नको असतं. हे अगदीच खोटं नाही. पुण्यातल्या आमच्या वेताळ टेकडीवर मुरूम आहे. जुलैत लावलेलं रोप ऑक्टोबरपर्यंत पावसाच्या ओलीवर निघतं. पुढे जूनपर्यंत पाणी खांद्यावरून न्यावं लागतं. वीस लिटरचा कॅन घेऊन एकदा चढून बघा, मग विचारा.

पण एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. सलग दोन वर्षं दर रविवारी सकाळी सहाला हजर. तिने चाळीस झाडं वहीत नोंदवली होती. बहावा, आपटा, पळस. कुणाला पालवी आली, कुणाचा शेंडा किडीने खाल्ला. "तेवढ्यात दोन कॅन झाले असते," असं मी तिला म्हणालो होतो.

त्या फेब्रुवारीत वणवा लागला. गवत वाळल्यावर डिसेंबरात जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, काढायची असते. ती राहिली, आणि माझ्यामुळे राहिली. वणव्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन आली. राखेत एकेक आळं शोधत फिरली. दुपारी म्हणाली, "दादा, एकोणीस झाडं बुंध्याशी हिरवी आहेत, नखाने खरवडून पाहिलं. एवढ्यांना तरी आजपासून पाणी देऊ या." मी फोनवर एका कंपनीबरोबर पावसाळ्यातल्या पाचशे रोपांचं ठरवत होतो. म्हटलं, "सोड ती. जूनमध्ये नवीन लावूच." ती काही बोलली नाही. एकटीने आठ खेपा केल्या. पुढच्या रविवारी आली नाही. परीक्षा असेल असं धरून मी फोनही केला नाही.

जळलेला पळस बुडातून पुन्हा फुटतो. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता येईल त्याला मी पाच झाडं नेमून देतो, वही ठेवायला सांगतो. गेल्या वर्षी सहा जण मेपर्यंत आले, यंदा दोघंच. म्हणजे माझं जुनं उत्तर चुकलं होतं, असं तरी कसं म्हणू? आणि बरोबर होतं म्हणावं, तर ती समोर येते.

तिच्या एकोणीसांपैकी अकरा आज उभी आहेत. तिला कळवावं की नाही, हे अजून ठरत नाही.