बाईंनी मागितलेलं पहिलं अक्षर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असा निरोप आला. शाळेबद्दल लिहायला बसलो, पण मन सारखं कॉम्प्युटरच्या बाईंकडेच जातंय. तेव्हा त्यांच्याबद्दलच लिहितो.

१९९४ साली मी नववी 'ब'मध्ये होतो. चपला बाहेर काढून त्या खोलीत शिरायचं, एका मशीनवर तिघांनी बसायचं. हार्ड डिस्क नव्हतीच, सगळा कारभार सव्वापाच इंची फ्लॉपीवर, म्हणजे चौकोनी कव्हरातल्या लवचिक चुंबकीय चकतीवर. बाईंनी पहिल्याच तासाला गुणाकार घातला होता: ४० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकला ९ सेक्टर, दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट. उत्तर आलं ३,६८,६४०. त्याला १०२४ने भागल्यावर बरोबर ३६० आले, आणि फ्लॉपीच्या खोक्यावर ३६० केबी का लिहिलेलं असतं ते कुणी न सांगता कळलं.

तरी 'फाइल असते कुठे?' हा प्रश्न कुणीतरी विचारलाच. बाई आम्हाला मैदानावर घेऊन गेल्या. कबड्डीच्या फक्कीने एकात एक चार वर्तुळं आखली, ते ट्रॅक; केकसारखे नऊ भाग पाडले, ते सेक्टर; आणि घराघरात एकेकाला पाटी देऊन बसवलं. 'उद्या शाळेला अर्धी सुट्टी आहे' हे वाक्य पाच पाट्यांवर, पण पाच जण पाच टोकांना. बाईंच्या हातात दोन तक्ते. एकावर फाइलचं नाव आणि तिचं पहिलं घर, दुसऱ्यावर कुठल्या घरानंतर कुठलं घर. तक्ता बघत एक मुलगा घराघरातून पळाला आणि वाक्य वाचून दाखवलं. मग बाईंनी नावाचं पहिलं अक्षर खोडलं, दुसरा तक्ता कोरा केला. म्हणाल्या, "फाइल डिलीट झाली. आता पाट्या बघा." पाट्या तशाच होत्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या हातून ते घडलं. पुसायची होती सरावाची फ्लॉपी, ड्राइव्हमध्ये होती बाईंची, सहामाहीच्या गुणांची. खात्री आहे का असं मशीनने विचारलं, मी वाय दाबलं. घशाला कोरड पडली. बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "थांब. आता तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. जुन्या पाट्या पुसल्या जातील." दुसऱ्या ड्राइव्हमध्ये डॉसची, म्हणजे तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची, फ्लॉपी घातली, अनडिलीटची आज्ञा दिली. पडद्यावर एकेक नाव येऊ लागलं, पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. बाईंनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "पहिलं अक्षर तू दे."

सगळ्या नावांची सुरुवात इंग्रजी स्पेलिंगातल्या 'गुण'ने होती. मी जी, जी, जी देत गेलो. बोटं थरथरत होती. एकदा शेजारचं एच दाबलं गेलं. बाई म्हणाल्या, "राहू दे, आतले आकडे बरोबर आहेत." एकच फाइल तुकड्या-तुकड्यांत पसरलेली होती. पुढच्या घरांचा तक्ता गेल्यामुळे ती जुळेना. बाई वहीतून गुण वाचत गेल्या, मी टाइप करत गेलो, सहा वाजले. बाईंनी हे हेडसरांना सांगितलं नाही, वर्गातही काढलं नाही.

आज पुण्यात माझा डेटा रिकव्हरीचा व्यवसाय आहे, नऊ माणसं कामाला आहेत. लग्नाचे फोटो, पीएचडीचे प्रबंध, दुकानांचे हिशेब घेऊन लोक येतात. प्रत्येकाला माझं पहिलं वाक्य बाईंचंच असतं: आता त्यावर काहीही लिहू नका. हार्ड डिस्कच्या बाबतीत हे अजून उपयोगी पडतं. एसएसडीचं, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हचं, तसं नाही. तिथे डिलीट केलं की बहुतेक वेळा ट्रिमची आज्ञा जाते आणि रिकामी झालेली घरं ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकतो. पाट्याच पुसलेल्या. समोरच्या माणसाला नाही म्हणताना फार जड जातं.

गेल्या महिन्यात शाळेत येऊन गेलो. मैदानाच्या त्या कोपऱ्यात आता पेव्हर ब्लॉक आहेत, फक्की मारायला मातीच उरली नाही. मुलांना फाइल कुठे असते विचारलं, तर सगळी म्हणाली, क्लाउडवर. वाईट वाटलं. तो क्लाउडही कुठल्यातरी इमारतीत फिरणाऱ्या डिस्कवर आणि चिपवरच असतो, हे त्यांना कुणीतरी पाट्या हातात देऊन दाखवायला हवं.

निवृत्त होताना बाईंनी ती फ्लॉपी मला दिली. लेबलवर त्यांचं तिरकं अक्षर आहे. ऑफिसातल्या जुन्या ड्राइव्हवर परवा लावून पाहिली. दोन सेक्टर वाचले गेले नाहीत, बाकी सगळं उघडलं. यादीत सगळे 'गुण' ओळीने आहेत, आणि त्यांच्या खाली नववी 'ब'चा 'हुण'.