अ‍ॅडिसन: सकाळी आठच्या रक्तापासून पिशवीतल्या इंजेक्शनपर्यंत

अ‍ॅडिसन म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल हे शरीराला तगवणारं संप्रेरक पुरेसं बनवत नाहीत असा आजार. त्याचं निदान रखडतं, कारण थकवा, वजन उतरणं, मळमळ, उठल्यावर चक्कर यातलं एकही लक्षण त्याचं एकट्याचं नाही. माझ्या फाइलमध्येही आधी अ‍ॅसिडिटी, मग ‘टेन्शन’ असंच लिहिलेलं होतं. खूण पटते ती काळपटपणावरून. उन्हाने रापतो तसा नव्हे. तळहाताच्या रेषा, बोटांची पेरं, हिरड्या आणि ताजे व्रण काळे पडतात. सावळ्या कातडीवर ते सहज नजरेतून सुटतं, म्हणून हिरड्या डॉक्टरांना आपणहून दाखवाव्यात. त्यात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त आणि उभं राहिल्यावर बीपी पडत असेल, तर कॉर्टिसोल तपासायलाच हवं.

रक्त सकाळी आठच्या सुमारास द्यायचं. कॉर्टिसोल पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं, त्यामुळे दुपारी चारच्या नमुन्यातला कमी आकडा काहीच सांगत नाही. 3 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आलं तर निदान जवळपास पक्कं. 15 च्या वर असेल तर आजार बहुधा नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा खोटा फुगतो, हे लॅबमध्ये कोणी विचारत नाही. सोबत एसीटीएच (अ‍ॅड्रिनलना कॉर्टिसोल बनवायला सांगणारं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक) करतात आणि खरा घोळ तिथे होतो. जांभळ्या झाकणाची ट्यूब लगेच बर्फात जायला हवी आणि थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरायला हवी. घरी येऊन रक्त नेणाऱ्याच्या बॅगेत ती तासभर तशीच राहिली, तर एसीटीएच तुटतं, आकडा खोटा कमी येतो आणि दोष अ‍ॅड्रिनलचा असताना पिट्युटरीचा एमआरआय निघतो. ही तपासणी जिथे सेंट्रिफ्यूज आहे त्या लॅबमध्ये जाऊनच करावी.

मधल्या आकड्यांसाठी स्टिम्युलेशन टेस्ट: एसीटीएचसारखं औषध टोचून कॉर्टिसोल पुरेसं चढतं का ते पाहायचं. पुस्तकात सिनॅक्थेन 250 मायक्रोग्रॅम असतं, पण आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून अनेक ठिकाणी अ‍ॅक्टन प्रोलाँगेटम 25 युनिट स्नायूत देऊन तासाभराने कॉर्टिसोल पाहतात. पास होण्याची जुनी रेघ 18 ची; नव्या किटवर 14-15 सुद्धा पुरेसं धरतात, तेव्हा लॅबची पद्धत विचारून घ्यावी. प्रेडनिसोलोन, दम्याचे पंप, गोरं करणारी क्रीम, गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, सगळं आधी सांगायचं. पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असणं आपल्याकडे नवं नाही, आणि त्यानेही अ‍ॅड्रिनल झोपतात. रुग्ण कोसळलेला असेल तर मात्र यातल्या कशासाठीच थांबायचं नाही: रक्त काढून ठेवायचं आणि हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलच औषधाच्या रूपात, द्यायचं.

सीटीत दोन्ही ग्रंथी फुगलेल्या दिसल्या तर भारतात टीबी किंवा हिस्टोप्लाझ्मोसिस ही बुरशी, हे दोन संशयित आधी येतात. नुसत्या सीटीवरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. सुईने तुकडा घ्यावा लागतो, तोही मेटानेफ्रिन तपासून फिओक्रोमोसायटोमा (बीपी अचानक भडकवणारी अ‍ॅड्रिनलची गाठ) नाही याची खात्री झाल्यावर. माझ्यात टीबी निघाला. यातला गुंता रिफाम्पिसिनचा: ते यकृतात कॉर्टिसोल भराभर संपवतं. म्हणून आधी स्टिरॉइड, मग टीबीची औषधं, आणि हायड्रोकॉर्टिसोनचा डोस बऱ्याचदा दुप्पट. कोर्स संपल्यावर तो पुन्हा उतरवावा लागतो. थायरॉइडच्या गोळीचंही तेच: टीएसएच थोडं वाढलंय म्हणून थायरॉक्सिन आधी सुरू केलं तर क्रायसिस, म्हणजे कॉर्टिसोलअभावी बीपी कोसळून जीव धोक्यात येणं, ओढवू शकतो.

रिफाम्पिसिन नसताना हायड्रोकॉर्टिसोनचा नेहमीचा डोस दिवसाला 15 ते 25 मिलिग्रॅम. 10 उठल्याउठल्या, चहाच्याही आधी, 5 दुपारी, 5 संध्याकाळी पाचच्या आत, नाहीतर झोप लागत नाही. सोबत शरीरात मीठ टिकवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन, बहुतेकांना 100 मायक्रोग्रॅम. डोस जमला का हे उभ्याचं बीपी, पोटॅशियम आणि रेनिन (शरीरात मीठ कमी पडलं की वाढणारा मूत्रपिंडातला घटक) सांगतात. एसीटीएच नॉर्मलला आणायच्या नादी लागू नये. त्या नादात डोस वाढत जातो आणि हाडं, साखर, चेहरा यांवर निघतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये या गोळ्या सहसा नसतात, म्हणून महिन्याभराचा साठा घरात हवा.

तापात डोस वाढवायचा: 100.4 फॅरनहाइटच्या वर दुप्पट, 102 च्या वर तिप्पट, उतरल्यावर परत मूळ डोसवर. दात काढतानाही वाढीव डोस लागतो, डेंटिस्टला आधी सांगायचं. गोळी अर्ध्या तासात उलटून पडली तर एकदा परत घ्यायची. तीही पडली तर घरी वाट पाहायची नाही, इंजेक्शन. हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमची कुपी पावडरची असते: 2 मिली इंजेक्शनचं पाणी घालायचं, पूर्ण विरघळवायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध सुई सरळ आत. घरातल्या दोघांना तरी हे यायला हवं. कुपी मुदत संपत आली की तिच्यावर पाणी घालून सराव करता येतो. टोचलं म्हणजे संपलं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

कॅज्युअल्टीत ‘इन्फेक्शन आहे, स्टिरॉइड कसं देऊ?’ हा प्रश्न येतोच. पिशवीत इंग्रजीतली सही-शिक्क्याची चिठ्ठी ठेवावी: अ‍ॅड्रिनल इन्सफिशियन्सी, हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम ताबडतोब, नॉर्मल सलाइन पहिल्या तासात 1 लिटर, पुढच्या 24 तासांत आणखी 200 मिलिग्रॅम. खाली आपल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टचा मोबाइल नंबर. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना तो लागतो.