वारा आत, हात बाहेर

मुंबईत गाडीत राहणारी वस्ती मोठी आहे, फक्त ती मतदारयादीत दिसत नाही. वडाळ्याचं ट्रक टर्मिनल, कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेरचे रस्ते, वाशीच्या एपीएमसीच्या आजूबाजूचा परिसर, नो-एंट्री सुटायची वाट बघत दहिसर-मुलुंडच्या नाक्यांअलीकडे लागलेल्या रांगा. यातल्या जवळजवळ प्रत्येक केबिनमध्ये एक आटोपशीर संसार असतो: स्टोव्ह, तांदळाचा डबा, दोन जोडी कपडे, कागदपत्रांची फाईल आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल. शिवाय दाराबाहेर पाय काढून मागच्या सीटवर पहुडलेले टॅक्सीवाले. हल्ली त्यात व्हॅनमध्ये गादी-पडदे लावून भटकायला निघालेल्या हौशी मंडळींची भर पडली आहे. सगळ्यांचं दुखणं एकच. काच वर केली तर आतला माणूस शिजतो, खाली केली तर मोबाइल जातो. नाशिककडे हा प्रश्न थंडीपुरता तरी रजेवर जातो. मुंबईत त्याला रजा नाही.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, ही गोष्ट चांगलीच. पण तो एसी इंजिनावर चालतो. उभ्या गाडीत रात्रभर इंजिन घरघरत ठेवून डिझेल जाळायला मालक देत नाही, आणि आडोशाच्या बंद जागेत धूर आत भरण्याचा धोका असतो तो वेगळाच. त्यामुळे काच उतरतेच. किती उतरवायची, एवढंच ठरवायचं असतं.

दोन बोटं उतरवली तर तळहात आत जातो, कोपर जात नाही. चार बोटं उतरवली की अख्खा हात खांद्यापर्यंत आत. दोन बोटांच्या फटीतून मात्र वाराही हातासारखाच येतो, जेमतेम. म्हणून रोज गाडीत झोपणाऱ्यानं खिडकीला जाळी बसवून घ्यावी हे उत्तम. पाऊण इंची चौकोनाची वेल्डमेश घ्यायची, लोखंडी पट्टीच्या चौकटीत वेल्ड करायची आणि चौकट आतल्या बाजूनं बसवायची. बाहेरून रिबिट मारून बसवलेली जाळी म्हणजे शोभा. रिबिटची डोकी ड्रिलनं उडवायला फार वेळ लागत नाही. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला आतून सरकणारी कडी. त्या कडीला कुलूप कदापि लावू नये. केबिनमध्ये स्टोव्ह असतो, वायरिंग जुनं असतं. आग लागली तर झोपेतल्या माणसाला एका हिसक्यात जाळी उघडता आली पाहिजे. डासांची जाळी याच चौकटीला वेलक्रोनं लावली की एका कामात दोन कामं होतात.

वारा खेळायला दोन तोंडं लागतात, हे विसरून लोक एकच खिडकी सताड उघडी टाकतात आणि तीही नेमकी फुटपाथकडची. त्यापेक्षा गाडी भिंतीला चिकटवून लावावी. मध्ये जेमतेम एक वीत जागा, म्हणजे तिथे माणूस शिरून उभा राहू शकत नाही. ती भिंतीकडची काच पूर्ण खाली, रस्त्याकडची दोन बोटं. दार मात्र मोकळ्या बाजूचं, पटकन उतरता येईल असं. डिझेलची टाकी भिंतीकडे आली तर दुधात साखर. दोन्ही जमत नसेल तर आधी खिडकीचं बघावं. टाकीला दुसरे उपाय आहेत.

उजेडाचीही एक गंमत आहे. दिव्याच्या खांबाखाली गाडी लावा, असं सगळेच सांगतात. चोराच्या मनात चांदणं, हे खरं. पण खांबाचा उजेड सरळ केबिनमध्ये पडला तर सीटवर काय आहे, फोन कुठे आहे, माणूस घोरतोय की जागा आहे, हे सगळं चोराला आयतं दिसतं. उजेड दारावर आणि कुलपांवर पडावा, आत पडू नये. त्यासाठी गाडी खांबाच्या थोडी पुढे-मागे घ्यायची. काळ्या फिल्मचा विचार सोडून द्या. 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती काढायला लागली आहे. रात्री उभ्या गाडीत आतून लावायचा चंदेरी पत्रा किंवा कापडी पडदा चालतो. फक्त तो माणूस आत असो-नसो, सारखाच लावलेला असावा. माणूस गेला की पडदा उघडा आणि आला की बंद, अशी सवय असेल तर चोराला वेगळी चौकशी करावी लागत नाही. काही जण पायरीपाशी जुन्या चपला ठेवतात, म्हणजे आत कोणीतरी झोपलंय असं वाटतं. चपलाच चोरीला जाऊ नयेत म्हणून दोन्ही डाव्या पायाच्या ठेवणारे महाभागही या धंद्यात आहेत. लांबून जोडीच दिसते.

आता ऐवजाकडे येऊ. पूर्वी केबिनमधला ऐवज म्हणजे रोकड. फेब्रुवारी 2021 च्या मध्यापासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, डिझेल कार्डावर आलं, चहावाला यूपीआय घ्यायला लागला आणि खिशातल्या नोटा आटल्या. सगळी तिजोरी फोनात गेली आणि ती तिजोरी आपण रात्री खिडकीशी, पांढऱ्या वायरीच्या टोकाला लटकवून झोपतो. पाऊण इंची जाळीतून हात येत नाही, पण वाकवलेली तार येते, आणि लांब केबल तारेला छान सापडते. म्हणून केबल वीतभराची आणि फोन उघड्या खिडकीच्या दुसऱ्या टोकाला. त्याहून बरं म्हणजे झोपण्याआधी पॉवर बँक चार्ज करून घ्यायची आणि फोन तिच्यासकट डोक्याशी, कडीवाल्या कप्प्यात ठेवायचा. अंगाखाली किंवा उशीखाली चार्जिंग चालू ठेवू नये. तिथे वारा लागत नाही, फोन तापतो.

फोनला लॉक असतो, सिमकार्डाला बहुतेक जण लावत नाहीत. चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. सेटिंगमध्ये सिम लॉक चालू करून चार आकडी पिन द्यावा. आधी कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या. तीन वेळा चुकला की सिम पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा वेगळा आकडा, मागतं आणि मग कस्टमर केअरशिवाय गत्यंतर नाही. फोनवर *#06# दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक येतो, तो कागदावर लिहून घरी ठेवावा. फोन गेलाच तर पोलीस तक्रार करायची, त्याच नंबरचं नवं सिम घ्यायचं आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो आयएमईआय बंद करायचा. मे 2023 पासून ही सोय देशभर आहे. क्रमांक फक्त फोनमध्येच साठवलेला असेल तर काय उपयोग, हे सांगायला नको. गाडीच्या कागदांची फाईलही केबिनमध्ये ठेवायची गरज उरलेली नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं 2018 पासून ग्राह्य धरली जातात.

उरलेल्या रोकडीचे तीन वाटे करावेत. वरच्या खिशात चहापाण्याचे, आतल्या खिशात दिवसाचे, बाकीचे लपवलेले. लपवायच्या जागा म्हणून सन व्हायझर, पायपुसणं, सीटखालचा कप्पा आणि देवाच्या फोटोमागची फट बाद समजाव्यात, कारण सगळे तिथेच लपवतात. डॅशबोर्डवरच्या गणपतीला चोरही हात लावत नाही. त्याच्या मागच्या नोटा मात्र श्रद्धेनं उचलतो. तांदळाच्या डब्यात पैसे ठेवायची आईची पद्धत इथे आजही चालते, कारण अंधारात दहा किलो तांदूळ रस्त्यावर ओतायला कोणाला वेळ नसतो.

कुलपाबद्दल मुंबईकराला वेगळं सांगायला नको. गोदरेजांनी कुलपं बनवायला सुरुवात केली ती इथल्याच लालबागमध्ये, 1897 साली. पण सात लिव्हरचं नवताल आणून ते पत्र्याच्या कोयंड्यात अडकवलं तर कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडा स्क्रूसकट हातात येतो. टूलबॉक्सचा, बॅटरीच्या पेटीचा कोयंडा निदान पाच मिलिमीटर जाड पट्टीचा आणि वेल्ड केलेला हवा. कटरचा एक जबडा कडीच्या आत शिरला तरच कडी तुटते, तेव्हा कडीची मोकळी जागा कमीत कमी असावी. फॅब्रिकेशनवाल्याकडून कुलपाभोवती जाड पाइपचा तुकडा वेल्ड करून घ्यायचा. खालून किल्लीचा हात जाईल एवढंच तोंड उघडं ठेवायचं. खर्च कुलपापेक्षा कमी येतो.

मग येतो पावसाळा, आणि त्याच्या जोडीला समुद्राची खारी हवा. कुलपावर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधायची पद्धत बरोबर आहे, पण काही जण चारही बाजूंनी करकचून बांधतात. आत घाम धरतो आणि कुलूप उघड्यावरच्यापेक्षा लवकर गंजतं. तुकडा वरून पदरासारखा सोडावा, खालून मोकळा. किल्लीच्या भोकात खोबरेल घालू नये. मुंबईत ते धकून जातं, पण गाडी कसारा चढून नाशकात गेली की थंडीत तेच गोठतं, आणि एरवीही धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकून घालावी, किल्ली चार वेळा फिरवावी, झालं.

बॅटरीच्या पिंजऱ्याचंही असंच. ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट घेतात, एकेक तीस-चाळीस किलोंच्या घरात. आतल्या शिशाला भंगारात भाव असल्यानं त्या जातात. पिंजरा अँगलचा करावा, झाकणाची बिजागरी आतल्या बाजूनं, बोल्टची डोकी वेल्ड केलेली. पण सगळीकडून पत्रा मारून ती पेटी हवाबंद करायची नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. तो कोंडला आणि ठिणगी पडली तर चोर परवडला. बोटभर फटी ठेवाव्यातच.

डिझेलच्या टाकीला कुलपाचं झाकण आणि गळ्यात जाळी बसवली की वरून नळी घालून तोंडानं ओढणाऱ्याची पंचाईत होते. जाळीनं पंपावर फेस होतो, नोझल मध्येच बंद पडतं, भरायला वेळ लागतो, तेवढं सोसावं. झाकण घट्ट बसत नाही म्हणून त्याखाली प्लॅस्टिकची पिशवी कोंबणारे पाहायला मिळतात. टाकीला श्वास घ्यायचं भोक झाकणात असेल तर ते बुजतं, आत पोकळी धरते आणि गाडी चढावर मान टाकते. वर बंदोबस्त झाला की चोर खालच्या ड्रेन प्लगकडे वळतो, म्हणून त्यावर पट्टी वेल्ड करून बोल्टनं आवळावी. चारशे लिटरच्या टाकीतून वीस लिटर गेलं तर काट्याला पत्ताही लागत नाही. खुणा केलेली पट्टी झोपताना आणि उठल्यावर टाकीत बुडवून बघणं हा जुना उपायच खरा.

ईकोसारखी व्हॅन घेऊन निघणाऱ्यांनी सायलेन्सरकडे लक्ष द्यावं. त्यातल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमच्या जातीचे धातू असतात आणि त्यांच्यासाठी सायलेन्सर बोल्ट खोलून काढून नेल्याच्या घटना अनेक ठिकाणी झाल्या आहेत. त्याला लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा करून बॉडीला बांधून घ्यावा. इथेही आडवा सपाट पत्रा मारू नये. कन्व्हर्टर चालू गाडीत भयंकर तापतो.

माल भरलेल्या गाडीचं दुखणं निराळं, पण जातकुळी तीच. कांद्याच्या गाडीवर ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट ओढली तर एपीएमसीत पोचेपर्यंत खालचे थर घामेजतात, सडायला लागतात. उघडी ठेवली तर गोणी सरकते. बाजूंना दोराचं जाळं आणि वर ताडपत्री, हा तोडगा. दोराच्या शेवटच्या गाठी केबिनकडे आणाव्यात, मागे नाही.

एवढं सगळं करून गाडी जाते कधी, तर पहाटे. माणूस टमरेल, टॉवेल घेऊन सुलभमध्ये जातो, तिथे रांग असते, आणि तेवढा वेळ घर मोकळं. दोघं असतील तर एकानं थांबायचं. एकट्यानं काचा वर करून, दार लावून, हँडल ओढून बघून जायचं. रिमोट दाबला म्हणजे लागलं असं समजू नये. चावी करदोट्याला बांधायची पद्धत अंघोळीच्या वेळी फार उपयोगी. कपडे खुंटीवर, चावी अंगावर. झोपतानाही चावी स्टार्टरला लटकती नको. गाडीच गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि एक किल्ली गाडीतच होती म्हटलं की निष्काळजीपणाचा मुद्दा निघतो. दिवसा कोणी काचेवर टकटक करून "ऑइल गळतंय" म्हणालं तर उतरून जरूर बघावं, पण चावी काढून, काचा वर करून. खरंच गळत असेल तर अर्ध्या मिनिटानं काही बिघडत नाही.

व्यावसायिक गाडीच्या साध्या विम्यात सुट्या ॲक्सेसरीज चोरीला गेल्या आणि गाडी जागेवर राहिली तर सहसा काही मिळत नाही. आतल्या कपड्यालत्त्याचं तर नावच नको. फौजदारी कायदा त्या मानानं उदार आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीचं कलम 303, पण मालाच्या किंवा प्रवासी वाहनातून वस्तू चोरली तर कलम 305, सात वर्षांपर्यंत कैद. तक्रार देताना तेवढं नेमकं सांगावं. त्यासाठी बॅटरीवरचा, टायरवरचा क्रमांक आधीच टिपलेला हवा. गाडीचा नंबर टायरच्या बाजूवर आणि बॅटरीच्या खोक्यावर तापल्या लोखंडानं डागून ठेवलेला असेल तर अजून बरं. स्टेपनीला साखळी घातली तरी तिच्याकडे रोज कोणी वाकून बघत नाही. ती गेल्याचं पंक्चर झाल्यावर कळतं, आणि तोवर गाडी धुळ्याला पोचलेली असते. अशा वेळी उलटं कळंबोलीला यायची गरज नाही. हद्द कुठलीही असो, जवळच्या ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन तक्रार पाठवली तर मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.